आत्याचा थकलेला टेक

कॉलेजात तिला कात्री म्हणत. पहिल्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाचा तासाभराचा व्हिडिओ तिने चार मिनिटांवर आणला आणि त्या चार मिनिटांत ज्याचा वाढदिवस होता तोच कुठे दिसेना, तेव्हापासून हे नाव चिकटलं. घरी मात्र आत्या तिला भिंगरी म्हणायची, लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून. पुढे एडिटिंग शिकायला लागल्यावर ती दिवस-दिवस एका खुर्चीत रुतून बसू लागली, तरी आत्याने नाव बदललं नाही.

मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला एक गटाचं काम असे: चौघांनी मिळून भयपटाचा ट्रेलर करायचा. भयपट करायचा नव्हता, नुसता ट्रेलर. जो सिनेमा नाही आणि कधी होणारही नाही, त्याची जाहिरात.

"म्हणजे नवरा नाही, नवरी नाही, आणि पत्रिका छापून वाटायच्या," खांब म्हणाला.

खांब म्हणजे गटातला कॅमेरावाला. उंच, सरळ आणि सहसा न बोलणारा. दिग्दर्शन ज्याच्याकडे होतं त्याला सगळे साहेब म्हणत, कारण तो कधी सामान उचलत नसे. चौथी मैना. आवाजाचं काम तिच्याकडे होतं, आणि चौघांत धड किंचाळता येणारी तीच एक असल्यामुळे नायिकाही तीच. ट्रेलर झाल्यावर प्रत्येकाने त्यावर आपापलं चिंतन लिहायचं होतं: काय केलं, का केलं, त्यातून काय शिकलो. मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "ट्रेलर चौघांचा, चिंतन ज्याचं त्याचं. एकमेकांचं उतरवलंत तर मला वासावरून कळतं."

साहेबाने गोष्ट लिहून आणली. एक मुलगी भाड्याने खोली घेते. तिला पॅसेजमध्ये एक बाई चालताना दिसते. घरमालक म्हणतो, इथे तर कुणीच राहत नाही. गोष्ट अडली ती त्या बाईपाशी. आधी मैनेच्याच केसांना पावडर फासून पाहिली. ते फुटेज बघून चौघं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून भिंतीवर थापा आल्या. "ही काय भूत? हिला कुणीतरी पिठात घोळवून तळायचं विसरलंय," असं खुद्द मैनाच म्हणाली.

पुढची बैठक कात्रीच्या घरी झाली. वाद रंगात आला असताना दार कोपराने ढकलून आत्या आत आली. डाव्या हातात बिस्किटांचा डबा, उजवा हात पोटाशी धरलेला, उजवा पाय फरशीवरून ओढत.

"पोरांनो, चहा मागून येतोय. मी आणला असता तर निम्माच पोचला असता," असं म्हणून ती हसली. चेहऱ्याची डावी बाजू हसली, उजवी जागच्या जागी राहिली.

मैना हसली, खांबही हसला. साहेब हसला नाही. तो आत्याच्या पायाकडे बघत होता, आणि ती डबा ठेवून परत निघाली तेव्हा दारापर्यंत बघत राहिला.

जिना उतरताना तो म्हणाला, "कात्री, आपल्याला मिळाली."

"कोण?" कात्रीने विचारलं. कोण ते तिला कळलं होतं.

"अरे, आत्या आहे ती तिची," खांब म्हणाला.

"मग? मी काय पळवून न्या म्हणतोय का? विचारून तर बघ म्हणतोय. मेकअप नको, काही नको."

कात्रीला राग आला. पण तो जिना संपेपर्यंतही टिकला नाही. खाली रस्त्यावर पोचेपर्यंत ती कॅमेरा पॅसेजच्या कुठल्या टोकाला लावावा, याचा विचार करू लागली होती. आज त्या दिवसाचं काही आठवायचं म्हटलं की तिला साहेबाचं बोलणं आठवत नाही, हे आठवतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. "स्थळं आली होती, पण सगळ्यांना रविवारी घरात असणारी बायको हवी होती," असं ती सांगे. रविवारी तिला सुट्टी नसे, कारण ती एका सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत बसायची. उमेदीची सगळी वर्षं तिने त्या खिडकीत काढली. खेळ सुरू झाला तरी उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी ठेवावी लागे, मग गल्ला जुळवायचा. ते उरकून ती मागच्या दाराने आत शिरे तेव्हा पडद्यावर बरंच काही घडून गेलेलं असे. असंख्य सिनेमे तिने असे मधूनच पाहिले. कोण चांगला, कोण लबाड, कोण कुणाचा हरवलेला भाऊ, हे ती चेहऱ्यांवरून ठरवी, आणि सहसा चुकत नसे. ट्रेलर मात्र सुरुवातीलाच दाखवून संपत. त्यामुळे सिनेमागृहात जन्म घालवलेल्या या बाईने धड एक ट्रेलर कधी पाहिला नव्हता.

पुढे ते सिनेमागृह बंद पडलं आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं. आत्या भावाकडे आली, "दोन महिने" म्हणून, आणि राहिली. एका सकाळी दात घासताना तिच्या हातून ब्रश पडला आणि उचलता येईना. उजवं अंग गेलं. औषधांनी, व्यायामाने बरंचसं परत आलं, हातही अर्धामुर्धा परत आला, पण पाय आणि ओठाचा कोपरा हे दोघे रुसूनच बसले. फिजिओबाई घरी येत. गोड बोलण्याच्या भानगडीत त्या पडत नसत.

"घरातल्या घरात येरझारा घालून भागायचं नाही," त्या म्हणाल्या. "रोज बाहेर पडायचं. रस्त्यावर, चढावर, उतारावर. हे वर्ष तुमच्या हातात आहे. एकदा पाय आखडला की मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

आत्या मान डोलवायची आणि बाहेर पडायची नाही.

"लोक बघतात गं," ती कात्रीला म्हणाली.

"बघू देत की. त्यांचे डोळे, तुझं काय जातंय?"

"मी जन्मभर काचेमागे बसले. लोक माझ्याकडे नाही, तिकिटाकडे बघायचे. मला नाही सवय."

अशा बाईला कात्रीने एके संध्याकाळी विचारलं, "आत्या, सिनेमात काम करशील?"

"कुठल्या खिडकीत बसायचंय?"

"बसायचं नाही. चालायचंय."

आत्याने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. "चालायला मीच सापडले होय? एवढी माणसं दोन्ही पायांनी चालतात, ती संपली वाटतं."

कात्रीने सांगितलं ते असं: एक बाई आहे. तिची मुलगी लांब निघून गेलीय. ही रोज पॅसेजमध्ये येऊन तिची वाट बघते. एके दिवशी तिला वाटतं की मुलगी आली. यात खोटं काही नव्हतं. साहेबाच्या कागदावर त्या बाईची मागची हकिगत अशीच लिहिलेली होती. ती ट्रेलरमध्ये येणार नव्हती, एवढंच कात्रीने सांगितलं नाही.

"भीतीचा आहे ना सिनेमा? ती मैना म्हणत होती."

"थोडासा. पण तू कुणाला घाबरवायचं नाहीयेस. तू फक्त यायचंस."

"मग ठीक. वाट बघणारी बाई मला जमेल," आत्या म्हणाली.

आणि ती चक्क तयारीला लागली. भिंतीला हात न लावता पॅसेजमध्ये चालायची. पाय ओढायचा नाही, उचलायचा; आधी टाच टेकवायची, मग चवडा. फिजिओबाईंना तिने स्वतःहून चार शंका विचारल्या, तेव्हा त्यांनी वळून कात्रीच्या आईकडे बघितलं. घाम पुसत आत्या म्हणायची, "फरपटत गेले तर त्या पोरीला काय वाटेल? म्हणेल, माझ्यापायी आई लंगडी झाली."

आई बाबांना म्हणाली, "डॉक्टर सांगून थकले, तुम्ही सांगून थकलात. शेवटी सिनेमाने उठवलं बाईंना."

शूटिंग मैनेच्या मामाच्या रिकाम्या ऑफिसात झालं. लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना बंद दारं, खिडक्यांना काळे कागद चिकटवून भर दुपारी केलेला अंधार. आत्याला राखाडी गाऊन दिला होता आणि केस मोकळे सोडायला सांगितले होते.

"वाट बघणारी बाई केस विंचरत नाही का?" तिने विचारलं.

"दिसतं चांगलं," साहेब म्हणाला. मोकळ्या केसांसाठी तिला सांगण्याजोगं दुसरं कारण त्याच्याकडे नव्हतं.

आत्या पॅसेजच्या टोकापासून निघाली. पाय उचलून, टाच टेकवून, जवळजवळ सरळ. मैनेपुढे येऊन थांबली, तिच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आलीस का गं?"

"आत्या, एक नंबर!" खांब कॅमेऱ्यामागून म्हणाला. तो कामाच्या वेळी बोलत नसे.

"अजून एक घेऊ," साहेब म्हणाला. मग अजून एक, मग अजून एक. प्रत्येक वेळी आत्या पॅसेजच्या टोकाशी परत गेली आणि प्रत्येक वेळी तशीच नीट चालत आली. शेवटच्या टेकला मात्र पाय दमला. तो उचलेना, जमिनीवर घासत मागून येऊ लागला. मध्येच तिचा हात भिंतीला लागला, मान एका बाजूला कलली. मैनेपुढे आली तेव्हा धाप लागली होती, आणि हसू ओठाच्या एकाच टोकाला कसंबसं चढलं.

"कट," साहेब हळूच म्हणाला.

आत्या भिंतीला टेकून उभी राहिली. "हा नको हं घेऊस, भिंगरे. हा वाईट झाला."

"नाही घेत," कात्री म्हणाली.

त्या दिवसानंतर आत्या बाहेर पडू लागली. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दुकानदाराला तिने सांगून टाकलं की आपण सिनेमात काम केलंय आणि आपलं वाक्यही आहे. मग ती चौक ओलांडून बागेतल्या बाकापर्यंत जायला लागली. लोक बघतात ही तक्रार बंद झाली. बघितलं तर तीच उलट बघायची. फिजिओबाईंनी पाय हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "सुटतोय. आता थांबू नका." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे मोठंच कौतुक होतं.

इकडे कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत काम अडलं होतं. कात्रीने आत्याचा चांगला टेक लावला होता. साहेबाने तो पाहिला आणि तो खुर्चीत मागे रेलला.

"ही तर तुझी आत्या येतेय."

"मग दुसरं कोण येणार?"

"तसं नाही. बघ ना, छान चालत येतायत. आता हातात चहाचा कप देतील असं वाटतं. आपल्याला छान नकोय." एवढं बोलून तो कँटीनला गेला.

खोलीत कात्री एकटी होती. शेवटचा टेक उघड असं तिला साहेब म्हणाला नव्हता, कुणीच म्हणालं नव्हतं. कुठे आहे ते तिला शोधावं लागलं नाही. तिने तो पडद्यावर घेतला आणि मधल्या काही फ्रेम उडवल्या, त्यामुळे कललेली मान झटके देत पुढे येऊ लागली. पाय जमिनीवर घासतो तिथे मैनेने रेकॉर्ड केलेला, लोखंडी कपाट सरकवल्याचा आवाज बसवला. हसू पूर्ण व्हायच्या आत कापलं: ओठाचं एक टोक वर गेलेलं, डोळे मैनेवर रोखलेले, आणि काळोख. त्या काळोखात, खर्जात उतरवलेलं, "आलीस का गं?"

तिने ते पहिल्यापासून लावून पाहिलं आणि स्वतः रचलेलं असूनही तिच्या अंगावर काटा आला. ती मोठ्याने हसली. काम जमलं की ती अशीच हसत असे.

मैना किंचाळली, साहेबाने टेबलावर मूठ आपटली. खांबाने तो तुकडा पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाला, "हा शेवटचा ना? आत्या नको म्हणाल्या होत्या तो?"

"तो एकच चालतोय," कात्री म्हणाली.

"मग त्यांना सांग आधी."

"सांगते."

सांगायचं राहून गेलं, असं ती पुढे बरेच दिवस स्वतःला समजावत असे. खरं तर राहून काही गेलं नव्हतं. एकदा ती सांगायला म्हणून आत्याच्या खोलीत गेली, तर आत्या नव्या बुटांचे पट्टे एका हाताने लावायचा सराव करत होती. एकदा दोघी बागेतल्या बाकावर बसल्या होत्या आणि बाजूला कुणीच नव्हतं. प्रत्येक वेळी कात्रीने मूग गिळले. आत्या सिनेमातली जाणती बाई आहे, बघितल्यावर तिला कळेलच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. ज्या गोष्टीला तोंड द्यायचं नसतं तिच्याबद्दल माणूस फार चटकन ठरवतो.

कॉलेजच्या सभागृहात संध्याकाळी सगळ्या गटांचे ट्रेलर दाखवायचे होते. आत्या नवे बूट घालून आली. बरोबर आई-बाबा, आणि आत्याने मुद्दाम बोलावलेल्या शेजारच्या काकू. पाय लांब करता यावा म्हणून तिला कडेची खुर्ची दिली.

"जन्मात पहिल्यांदा सुरुवातीपासून बघतेय बघ," ती कात्रीला म्हणाली.

कात्री वाकून म्हणाली, "आत्या, थोडं वेगळं दिसेल हं."

"अगं, पडद्यावर सगळेच वेगळे दिसतात. जा तू, तुझं काम बघ."

दिवे गेले. कात्री मागच्या भिंतीशी उभी राहिली. त्यांचा ट्रेलर आला. पॅसेज दिसला, पॅसेजच्या टोकाला राखाडी आकृती दिसली, लोखंड घासत आलं, मान झटके देत जवळ आली, अर्धा ओठ वर गेला, काळोख झाला. सगळं सभागृह एकदम ओरडलं. मग घाबरून ओरडल्याची लाज झाकायला सगळे हसले, मग टाळ्या, मग शिट्ट्या. कात्रीला त्या ओरडण्याचा आनंद झाला. तो आनंद आधी झाला आणि मग तिने आत्याच्या खुर्चीकडे पाहिलं. पाठमोरं डोकं दिसत होतं. ते हललं नव्हतं.

दिवे लागल्यावर लोक उठले. आत्या बसून राहिली. कडेने जाणाऱ्या मुलींपैकी एकीची नजर तिच्यावर पडली आणि ती खरोखरच दचकून मागे सरकली.

"अगं आई गं! हीच ती!"

मैत्रिणी खिदळल्या. "मावशी, कसलं भारी काम केलंत! एक फोटो प्लीज. तसंच बघा ना. तसंच, अर्धं हसा."

आत्या त्यांच्याकडे बघून हसली. तिला तसंच हसता येत होतं. फोटो निघाला.

"काय घाबरवलंत हो!" शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. "आता जिन्यात दिसलात तर मी ओरडत सुटेन बघा."

"ओरडा की," आत्या म्हणाली. "बाबा, तुम्ही सगळे व्हा पुढे. गर्दी ओसरली की मी येते." ती भावाला बाबा म्हणत नसे. त्या दिवशी म्हणाली, कुणा परक्याला म्हणावं तसं.

सभागृह पूर्ण रिकामं होईपर्यंत ती उठली नाही. मग तरीही मागे थांबलेल्या भावाच्या दंडाला धरून, खाली बघत, खुर्च्यांच्या दोन रांगांमधून चालत आली. दाराशी कात्री उभी होती. तिच्याजवळून जाताना आत्याने पाय उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आत्याने विचारलं, "भिंगरे, पिक्चर कधी काढणार?"

"कुठला?"

"ज्याचा तो तुकडा होता तो. त्यात कळेलच ना लोकांना, की ती पोरीची वाट बघत होती म्हणून."

कात्रीने हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. "आत्या, पिक्चर नाहीये. आम्हाला ट्रेलरच करायचा होता फक्त."

"म्हणजे एवढंच?"

"एवढंच."

आत्याने कप बशीत फिरवला. "म्हणजे ती तशीच राहिली," ती म्हणाली आणि उठून खोलीत गेली.

त्या दिवशी ती बागेत गेली नाही. दुसऱ्या दिवशी हवा बरी नव्हती, तिसऱ्या दिवशी बूट चावत होते. बाबांनी दुसरे बूट आणले, तेही चावू लागले. फिजिओबाई चिडल्या. "चांगला सुटत होता पाय, अचानक काय झालं?" त्यांनी विचारलं. आई कात्रीकडे बघत राहिली. कात्री खिडकीबाहेर बघत राहिली.

मग तिने तिला जे येत होतं ते केलं. चांगला टेक घेऊन ट्रेलर पुन्हा कापला. त्यात आत्या पाय उचलून चालत येते, थांबते, शेवटपर्यंत हसते, आणि "आलीस का गं?" हे तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणते. लॅपटॉप घेऊन ती आत्याच्या खोलीत गेली. आत्याने शेवटपर्यंत पाहिलं.

"चांगली चालले की मी," ती म्हणाली.

"खूपच चांगली चाललीस, आत्या. मी हाच लावायला हवा होता."

"ही पण मीच आणि ती पण मीच. दोघी तुझ्यापुढे होत्या ना? तू कुठली उचललीस ते मी बघितलं."

"तसं नाही गं, ते फक्त..."

"काम चांगलं केलंस. मी काय आंधळी आहे? एवढी वर्षं थिएटरात काढली, पण सगळं थिएटर असं एका दमात ओरडलेलं मी ऐकलं नाही." तिने लॅपटॉपचं झाकण हाताने खाली केलं. "ने तो आता. माझी झोपायची वेळ झाली." बाहेर लख्ख ऊन होतं.

ट्रेलर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निवडला गेला. कात्री गटाकडे गेली आणि म्हणाली, मागे घेऊ या, नाहीतर निदान नवा कट पाठवू या.

साहेबाने नवा कट पाहिला. "यात कोण घाबरेल? चौघांचं काम आहे हे. तुला एकटीला आता पश्चात्ताप झाला म्हणून आम्ही तिघांनी उपास करायचा?"

मैना म्हणाली, "बक्षीस मिळालं की आत्यांनाच बोलावू या ना स्टेजवर." तिला खरंच तसं वाटत होतं.

कात्री खांबाकडे वळली. तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सांग." त्याने पाठवायच्या बाजूनेच मत दिलं. साहेबाला दोष देता आला असता तर कात्रीला बरं वाटलं असतं. पण साहेबाने नुसती हाव धरली होती, शब्द दिला नव्हता. 'नाही घेत' असं तो कुणाला म्हणाला नव्हता.

चिंतन तिने लिहिलं. कापण्याची लय, आवाज आणि चित्र यांतलं अंतर, हसू अर्धवट तोडल्याने प्रेक्षक ते मनात पूर्ण करतो आणि म्हणून घाबरतो, असं बरंच काही. लिखाण नेटकं होतं. मॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"वर्गातलं सगळ्यात चांगलं चिंतन आहे हे. एकच विचारायचंय. ती बाई कोण?"

"माझी आत्या."

"असं? मग त्यांच्याबद्दल यात एकही ओळ कशी नाही? फार सुंदर अभिनय आहे त्यांचा."

"अभिनय केला होता तिने," कात्री म्हणाली. "तो आम्ही घेतला नाही."

मॅडम पुढे काही विचारतील म्हणून ती थांबली. मॅडमना ते वाक्य चतुर वाटलं असावं. त्या हसल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

फिजिओबाईंनी दिलेलं वर्ष संपलं. पाय आखडला, त्यांनी सांगितलं होतं तसाच. त्या आता येत नाहीत. बाबांनी चार पायांचा वॉकर आणला. आत्या त्याला "माझा घोडा" म्हणते आणि त्याच्यावर विनोद करते. कात्रीशी ती बोलते, चिडवते, तिच्या हातचा चहा कडू झाला की नाकही मुरडते. अबोला असता तर निदान तो सोडवता तरी आला असता. फक्त ती कात्रीपुढे चालत नाही.

हे कात्रीच्या उशिरा लक्षात आलं. कॉलेज संपल्यावर ती जाहिरातींचं एडिटिंग करू लागली. काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून. ऑफिसच्या दिवशी, आई सांगते, आत्या स्वयंपाकघरात दोन-तीनदा येते, खुर्ची ओढून बसते, वाटाण्याच्या शेंगा सोलते. कात्री घरी असली की मात्र ती खोलीतच. तहान लागली तरी थांबते, कुणीतरी तिकडून जाईल आणि त्याला सांगता येईल म्हणून. एकदा कात्री पॅसेजमध्ये आली तेव्हा आत्या घोडा धरून मध्येच उभी होती. ती तिथेच थांबली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. कात्री आत जाईपर्यंत पाऊलभर हलली नाही. कॅलेंडरवर मागचा महिना होता.

आता घरून काम असलं की कात्री दुपारी आपल्या खोलीचं दार लावून घेते. काम चालू नसलं तरी कीबोर्ड बडवत राहते, बाहेर ऐकू जाईल इतक्या जोराने. पॅसेजपलीकडचं दार उघडल्याचा आवाज येतो. कात्री बडवत राहते. माठातून पाणी घेतल्याचा आवाज येतो, मग परत येण्याचा. पलीकडचं दार लागेपर्यंत ती बोटं थांबवत नाही.